डब्ल्यूडी १८५६: दहा इंची दुर्बिणीतून श्वेतबटूच्या ग्रहाचं अधिक्रमण, प्रकल्प नोंदी

१५ मार्च २०२५: लक्ष्य

लक्ष्य नक्की झालं: डब्ल्यूडी १८५६+५३४. सूर्यासारखा तारा तांबडा राक्षसी होऊन, बाहेरचे थर टाकून देऊन जो गाभा मागे ठेवतो, तो श्वेतबटू; हा तसाच एक. अंतर सुमारे ८१ प्रकाशवर्षं. त्रिज्या पृथ्वीच्या जेमतेम १.४ पट. त्याच्याभोवती गुरूएवढा ग्रह ३३ तास ४७ मिनिटांत एक फेरी मारतो. नासाच्या टेस या अंतराळ दुर्बिणीच्या नोंदींतून अँड्र्यू वँडरबर्ग यांच्या गटाने तो शोधला आणि २०२० साली नेचरमध्ये जाहीर केला.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याचा काही प्रकाश अडवतो, ते अधिक्रमण. छोट्या दुर्बिणीसाठी हे लक्ष्य निवडण्याचं कारण त्याची खोली, म्हणजे प्रकाश किती घटतो ते. नेहमीच्या तप्त गुरूच्या (ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या गुरूएवढ्या ग्रहाच्या) अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश एक-दीड टक्का घटतो आणि ते पकडायला मोजमाप फार काटेकोर लागतं. इथे प्रकाश ५६ टक्के पडतो. अडचण वेगळीच आहे: तारा १७व्या प्रतीचा, म्हणजे फार अंधूक, आणि सगळा खेळ आठ मिनिटांचा. म्हणजे फोटॉन गोळा करायला वेळ हवा आणि वेळच नाही.

स्थान: १८ ता ५७ मि ३९ से, +५३° ३०′ ३३″ (जे२०००). तारकासमूह कालेय, पण शोधायचा हंसाकडून. कप्पा सिग्नी हा ३.८ प्रतीचा तारा जवळपास त्याच क्रांतीवर (आकाशातल्या अक्षांशावर), तीन अंश पूर्वेला आहे. माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) त्याच्यावर सिंक करून पश्चिमेला सरकलं की काम होतं.

एक सावधगिरी. हा तारा वर्षाला सुमारे पाव आर्कसेकंद सरकतो. इंटरनेटवर सहज मिळणारे आकाशनकाशे जुन्या फोटोप्लेटांवरून केलेले असतात आणि नव्वदच्या दशकातल्या प्लेटवर तो आजच्या जागेपासून सात-आठ आर्कसेकंद मागे दिसतो. शेजारच्याच अंधूक ताऱ्यावर ॲपर्चर (प्रकाश मोजायचं वर्तुळ) लावून रात्र वाया घालवायची नसेल, तर गाया या अंतराळ दुर्बिणीच्या यादीतले निर्देशांक घेऊन ते आजच्या तारखेला आणावेत.

२२ मार्च: वेळापत्रक

महाराष्ट्रातून बघणाऱ्यांचं दुर्दैव असं की हा तारा मध्यरात्री डोक्यावर येतो तो जुलैच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात. उरतात दोन खिडक्या: एप्रिल-मेमधली पहाट आणि ऑक्टोबरमधली संध्याकाळ. जुन्नरच्या अक्षांशावरून तो उत्तरेला जास्तीत जास्त ५५ अंशांपर्यंत चढतो. ३० अंशांखाली मोजमाप घ्यायचं नाही, असा नियम ठेवला. एप्रिलच्या मध्यात त्यामुळे पावणेदोन ते पाच एवढाच वेळ हाती राहतो.

पाच फेऱ्या म्हणजे ७ दिवस ५७ मिनिटं. म्हणून एकदा अधिक्रमण सापडलं की पुढच्या आठवड्यात त्याच वारी, तासाभराने उशिरा, पुन्हा मिळतं. यादी अशी निघाली (मध्याची वेळ, भारतीय प्रमाणवेळ):

२ एप्रिल, ०२:४४, उंची ३१°
९ एप्रिल, ०३:४१, उंची ४३°
१६ एप्रिल, ०४:३८, पौर्णिमेनंतर तिसरी रात्र, सोडून द्यायची
२६ एप्रिल, ०१:१०, उंची ३१°, अमावास्येच्या तोंडावर
३ मे, ०२:०७, उंची ४३°, चंद्र मावळलेला
१० मे, ०३:०४, उंची ५२°
१७ मे, ०४:०१

वेळ काढताना तीन गोष्टी सांभाळायच्या. एक, लेखांतली वेळ टीडीबी या खगोलशास्त्रीय वेळेत असते आणि ती घड्याळाच्या यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) ६९ सेकंदांनी पुढे आहे. दोन, ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून दिलेली असते. हा तारा क्रांतिवृत्ताच्या ध्रुवापासून पंधरा अंशांवर असल्याने ही दुरुस्ती कधीच सव्वादोन मिनिटांपलीकडे जात नाही आणि एप्रिल-मेमध्ये तर एका मिनिटाच्या आतच राहते. एरवी या गोष्टी कुणी मनावर घेत नाही, पण आठ मिनिटांच्या अधिक्रमणात तीन मिनिटं चुकली तर पहिली कडा, म्हणजे प्रकाश घसरायला लागतो तो भाग, हातची जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शोधाच्या मूळ लेखात कालावधीची (ग्रहाच्या एका फेरीच्या वेळेची) अनिश्चितता सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी आहे. ऐकायला किरकोळ वाटते, पण त्यानंतर १,४०० हून जास्त फेऱ्या झाल्या आहेत आणि दर फेरीला ती साचते: आजमितीस दोन मिनिटांपेक्षा जास्त. नंतरच्या निरीक्षणांतून सुधारलेला कालावधीच वापरावा. वरची यादी १.४०७९३९२ दिवस धरून केली आहे.

२९ मार्च: जुळणी आणि खर्च

दुर्बीण २५० मिमी एफ/४ न्यूटोनियन, कडेचे तारे नीट करणाऱ्या कोमा करेक्टरसह. कॅमेरा आयएमएक्स ५३३ सेन्सरचा मोनो, २×२ बिनिंग (चार पिक्सेलांचा एक). एका पिक्सेलला दीड आर्कसेकंद. फिल्टर काढून टाकला. ग्रह काळाकुट्ट आहे आणि ताऱ्याचा जो भाग झाकतो तो सगळ्या रंगांत सारखाच झाकतो, त्यामुळे फिल्टर लावला तर फक्त प्रकाश कमी होतो, हाती काही लागत नाही.

हिशेब: तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये, गावाबाहेरच्या आकाशाखाली, एका बिंदूला तीन ते पाच टक्के त्रुटी यावी. ५६ टक्क्यांचा खड्डा त्यात लपू शकत नाही.

दुर्बीण, माउंट, कॅमेरा आधीपासूनचे. नवा खर्च वीज आणि वेळ यांवर. माउंट, कॅमेऱ्याचं कूलिंग आणि लॅपटॉप मिळून पाच-सहा अँपिअर खेचतात. जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीने सरावातच तीन तासांत मान टाकली. १२ व्होल्टची ५० अँपिअर-तास लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, चौदा हजार रुपये. सेन्सरचं तापमान उणे दहा न ठेवता शून्यावर ठेवलं. उन्हाळ्यात उणे दहा गाठायला कूलर पूर्ण ताकदीने चालतो, तरी आकडा हलत राहतो, आणि मग डार्क (झाकण लावून घेतलेली, वजा करायची चित्रं) जुळत नाहीत. शून्यावर तो निम्म्या ताकदीत स्थिर राहतो. ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये आकाशाचाच गोंगाट (मोजमापातली चलबिचल) इतका असतो की थर्मल गोंगाटाचा फरक दिसतही नाही.

माळावर पोचल्यावर कोलिमेशन (आरशांची जुळणी) पुन्हा करावं लागतं. एफ/४ आरसा गाडीतून आणला की हलतोच.

२ एप्रिल: ऑटोफोकसने खड्डा खाल्ला

०१:५० पासून चित्रं सुरू. तारा पहिल्याच प्लेट सॉल्व्हला (चित्रातल्या ताऱ्यांवरून जागा ओळखण्याला) सापडला. त्यापासून ४३ आर्कसेकंदांवर जी २२९-२० ही तांबड्या बटूंची (लहान, थंड ताऱ्यांची) जोडी दिसते. या श्वेतबटूचीच ती सोबती आहे, त्यामुळे ओळख पटवायला याहून चांगली खूण नाही.

०२:३९ ला कॅप्चर सॉफ्टवेअरने स्वतःहून ऑटोफोकस सुरू केला. तापमान एका अंशाने घसरलं की फोकस पुन्हा करायचा, असा ट्रिगर चालू राहिला होता. नऊ बिंदू, प्रत्येकी दोन चित्रं, मग स्थिरावणं: साडेचार मिनिटं. परत चित्रं सुरू झाली तेव्हा तारा निम्म्यावर होता. वर यायची बाजू मिळाली, उतरायची नाही.

त्यातून यादी झाली. अधिक्रमणाच्या वीस मिनिटं आधी फोकस हाताने करायचा आणि मग पुढचे सगळे ट्रिगर बंद: ऑटोफोकस, डिदरिंग (चित्रांमध्ये दुर्बीण किंचित सरकवणं), मेरिडियन फ्लिप (तारा मध्यावर आला की दुर्बीण उलटवणं), ढगांमुळे थांबणं, गायडिंग बिघडलं तर पुन्हा केंद्रित करणं. डिदरिंग सुंदर फोटोंसाठी असतं. इथे दर सरकण्यामागे पंधरा सेकंद जातात, आणि तारा सेन्सरवर शक्य तितका त्याच पिक्सेलांवर बसलेला हवा.

९ एप्रिल: एक्स्पोजर लांब पडलं

चंद्र पश्चिमेला मावळतीला टेकलेला, पण हवेत धुरळा आणि त्यात गावच्या जत्रेचे हॅलोजन. आकाश करडं. गोंगाट कमी करायचा म्हणून एक्स्पोजर ६० सेकंद केलं.

खड्डा आला, अगदी स्पष्ट. पण पूर्ण अधिक्रमणात मोजून आठ बिंदू. हे अधिक्रमण सपाट तळाचं नसतं. प्रकाश सुमारे चार मिनिटं घसरतो आणि लगेच चढायला लागतो, म्हणून आलेख व्ही अक्षरासारखा होतो. मिनिटाच्या एक्स्पोजरने त्याचं टोक बोथट होतं आणि दोन्ही बाजूंच्या सुरुवाती पुसल्या जातात. तळ ५० टक्क्यांच्या आसपास आला, सुरुवात नेमकी कधी झाली ते दीड मिनिटाच्या आत सांगता येईना.

पुढे ३० सेकंदच. गोंगाट वाढला तरी चालेल, कडा हव्यात. का, ते ८ मेच्या नोंदीत.

२६ एप्रिल: घड्याळ

काळं आकाश, चंद्र नाही. ३० सेकंदांची चित्रं, मध्ये वाचनाचे दीड सेकंद. पूर्ण व्ही मिळाला, दोन्ही बाजू धरून.

मध्य मात्र गणितापेक्षा ८० सेकंद उशिरा. माळावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे लॅपटॉपचं घड्याळ गेल्या कित्येक दिवसांत जुळलेलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर रेंज येताच, घड्याळ जुळवण्याआधी, फरक मोजला: लॅपटॉप ८१ सेकंद पुढे. ती वजाबाकी केली की मध्य जागेवर येतो आणि नोंदी वापरता येतात.

असा उशीर दिसला की दुसऱ्या ग्रहाचं आकर्षण सुचायचा मोह होतो. आधी घड्याळ बघा. चित्राच्या हेडरमधली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची असते, तिच्यात अर्धं एक्स्पोजर मिळवायचं राहिलं तर आणखी १५ सेकंद जातात.

उपाय साधा: यूएसबी जीपीएस रिसीव्हर, नऊशे रुपये, आणि त्यावरून घड्याळ जुळवणारा छोटा प्रोग्रॅम. अचूकता सेकंदाच्या आत आणि या कामाला तेवढी पुरते.

३ मे: पूर्ण नोंद

०२:०७ चा मध्य. चंद्र मध्यरात्रीपूर्वीच मावळला होता. ०१:४० ला फोकस, सगळे ट्रिगर बंद, जीपीएस चालू. फोकसचा वेळ सोडला तर ०१:१५ ते ०३:०० सलग चित्रं. फोकसनंतर एकदाही हात लावला नाही. आधी पाऊण तास आणि नंतर पाऊण तास सपाट भाग घेणं जरुरीचं आहे, कारण खोली टक्क्यांत काढायची तर शंभर टक्के म्हणजे किती, ते आधी ठरायला हवं.

पडद्यावर हे बघण्यासारखं असतं. ०२:०२ च्या चित्रात तारा शेजाऱ्याइतकाच ठळक होता. मग चित्रामागून चित्र तो फिका होत गेला आणि ०२:०७ ला आकाशाच्या दाण्यांत जेमतेम उरला. शेजारचे सगळे तारे जसेच्या तसे. ०२:१२ ला परत जागेवर. कुठलंही गणित न करता, नुसत्या डोळ्यांनी कळणारं परग्रहाचं अधिक्रमण दुसरं मला माहीत नाही.

पहाटे पावणेसहाला पांढरं कापड ताणून फ्लॅट (सेन्सरवरचा उजेडाचा कमीजास्तपणा काढायची चित्रं) घेतले.

६ मे: मोजमाप

ॲस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये. ॲपर्चरची त्रिज्या ताऱ्याच्या पसरटपणाच्या १.३ पट, म्हणजे सुमारे ४ आर्कसेकंद. अंधूक ताऱ्याला मोठं ॲपर्चर लावलं तर तारा वाढत नाही, आकाशच वाढतं. दुप्पट त्रिज्येने करून पाहिलं तेव्हा बिंदूंचा विखुरलेपणा जवळपास दुप्पट झाला.

आकाश मोजायचं कडं १२ ते २५ आर्कसेकंद. सॉफ्टवेअरचं आपोआप आलेलं कडं बाहेर ४५ पर्यंत जात होतं आणि त्यात ती तांबड्या बटूंची जोडी येत होती. पार्श्वभूमी फुगली की ती ताऱ्यातून जास्त वजा होते आणि खड्डा खोटा खोल होतो. पहिल्या फेरीत ६३ टक्के आले ते यामुळे.

तुलनेसाठी १३.५ ते १५ प्रतीचे पाच तारे, गायाचा बीपी−आरपी रंग (निळ्या आणि तांबड्या प्रकाशातला प्रतीचा फरक) १ च्या आसपास असलेले. हा श्वेतबटू नावाला श्वेत आहे; थंड होत होत ४,७०० केल्विनवर आलेला, म्हणजे रंगाने नारिंगीकडे झुकलेला. निळे तारे तुलनेला घेतले तर उंची बदलते तसा सपाट भाग तिरका होतो. फिल्टर नसताना हे जास्तच जाणवतं.

२६ एप्रिल आणि ३ मेच्या नोंदी कालावधीवर घडी घालून, म्हणजे एका अधिक्रमणावर दुसरं ठेवून, एकत्र केल्या. खोली ५५ टक्क्यांच्या आसपास, एकूण अवधी ७ मिनिटं ५० सेकंद, अधिक-उणे ४० सेकंद.

८ मे: आकार कुठून निघतो

सॉफ्टवेअरचं तयार मॉडेल इथे चालत नाही. खोलीचं वर्गमूळ काढून ते ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या ०.७४ पट सांगतं, म्हणजे जवळपास पृथ्वीएवढा ग्रह. ग्रह ताऱ्यापेक्षा लहान आणि ताऱ्यासमोरून पूर्ण जातो, हे त्यात गृहीत आहे.

चूक वहीवर दिसते. कक्षेची त्रिज्या ०.०२ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे ३० लाख किलोमीटर. परीघ भागिले ३३ तास ४७ मिनिटं: वेग सेकंदाला सुमारे १५५ किमी. पृथ्वीएवढा ग्रह ताऱ्याच्या मधोमध गेला तर सगळं साडेतीन मिनिटांत आटोपेल. आम्हाला जवळजवळ आठ मिनिटं मिळाली. म्हणजे झाकणारी वस्तू फार मोठी आहे आणि तिची फक्त कडा ताऱ्यावरून घासून जाते.

किती मोठी, तेही निघतं. ताऱ्याची त्रिज्या ९,१०० किमी. प्रकाश निम्म्याहून थोडा जास्त गेला, म्हणजे ग्रहाची कडा ताऱ्याच्या मध्याच्या थोडीशी पलीकडे पोचली; हे अंतर ‘ड’ ताऱ्याच्या त्रिज्येच्या दहाव्या भागाएवढं, ९१० किमी धरलं. अवधीचा अर्धा गुणिले वेग म्हणजे अर्धी जीवा: २३५ × १५५ = ३६,४०० किमी. पायथागोरस लावून:

अर्ध्या जीवेचा वर्ग = (तारा + ड) × (२ × ग्रह + तारा − ड)

ग्रहाची त्रिज्या येते ६२,००० किमी. अवधीतली ४० सेकंदांची अनिश्चितता धरली तर ५१,००० ते ७४,०००. प्रकाशित आकडा पृथ्वीच्या १०.४ पट, म्हणजे सुमारे ६६,००० किमी. आमची पट्टी रुंद आहे, पण गुरू तिच्यात बसतो आणि पृथ्वी बसत नाही.

एक्स्पोजर लहान ठेवायचं ते यासाठी. अवधी वर्गात शिरतो. एक मिनिट चुकलं तर त्रिज्या पाव पटीहून जास्त सरकते. खोली दोन टक्क्यांनी चुकली तर फार बिघडत नाही. बहुतेक जण खोलीवर मेहनत घेतात. या ताऱ्यासाठी मेहनत व्हीच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर घ्यायची.

हा आकडा आला की पुढचा प्रश्न आपसूक उभा राहतो. हा तारा राक्षसी झाला तेव्हा आजची ३० लाख किलोमीटरची कक्षा त्याच्या पोटात असणार. ग्रह तिथे असता तर टिकला नसता. तो दूर होता आणि नंतर आत आला: एकतर राक्षसी ताऱ्याच्या आवरणात फिरत, ते उधळून लावत, नाहीतर त्या तांबड्या जोडीच्या किंवा दुसऱ्या ग्रहांच्या ओढीने लंबगोल कक्षेत ढकलला जाऊन, हळूहळू गोल होत. आवरण उधळायला वस्तू जड लागते. गेल्याच महिन्यात जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरचा लेख आला. ग्रहाची स्वतःची अवरक्त उष्णता मोजली गेली: १८६ केल्विन, आणि त्यावरून वस्तुमान गुरूच्या सहा पटींच्या आत. त्यामुळे दुसरी शक्यता बरीच वजनदार झाली. आमच्या आलेखातून वस्तुमान कळत नाही, त्रिज्याच कळते. या आकाराच्या वस्तूंत गुरूएवढ्या आणि गुरूच्या दहापट वस्तुमानाच्या ग्रहाची त्रिज्या जवळपास सारखीच असते.

१७ मे: हंगाम बंद

१० मे आणि आज, दोन्ही रात्री ढग. उंचीच्या हिशेबाने १० मे सर्वांत चांगली होती. अवकाळी पावसाचं लक्षण बघता पुढची तारीख धरण्यात अर्थ नाही. आरसा झाकून, सिलिका जेल बदलून दुर्बीण आत ठेवली.

ऑक्टोबरची यादी, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: १४ ऑक्टोबर १९:३६, २१ ऑक्टोबर २०:३४, २८ ऑक्टोबर २१:३१. १४ तारखेला तारा सर्वांत उंच, पण संधिप्रकाश जेमतेम संपलेला असेल, म्हणून फोकस आणि ध्रुव जुळणी उजेडातच उरकावी लागेल. २१ ला अमावास्या आहे पण तेच लक्ष्मीपूजन. फटाक्यांच्या धुरापासून लांब, डोंगरमाथ्यावर जागा शोधावी. २८ ला तो ३० अंशांच्या किंचित खाली असेल. या वेळी तारा मावळतीकडे असतो, त्यामुळे सपाट भाग अधिक्रमणाच्या आधी भरपूर घ्या. नंतरचा हवेच्या जाड थरातून मिळेल.

आठ इंचीवरही जमेल असा आमचा हिशेब आहे: बिंदूंची त्रुटी वाढेल, पण तीन-चार रात्री घडी घालून एकत्र केल्या की कोपरे उमटतील. सेकंदागणिक वेळ मात्र प्रत्येक रात्रीची हवी, नाहीतर घडी बसत नाही.